चित्र अडखळतंय

३ फेब्रुवारी, सोमवार

टीव्ही आला. धाकटी बहीण नोकरीतून निवृत्त झाली म्हणून मधल्याने, म्हणजे आमच्या भावाने, तिच्यासाठी पाठवला. एवढा मोठा, की तो लावायला भिंतीवरचं कपाट उतरवावं लागलं. धाकटीला तो तिच्या खोलीत हवा होता. मी म्हटलं, "अगं, तुझ्या खोलीत लावला तर बघायला मागे सरकायचं कुठे? बाथरूममध्ये?" तिने ऐकलं. बाहेरच्या खोलीत लावला.

याच खोलीत मी बावीस वर्षं कॅसेटची लायब्ररी चालवली. सगळी गल्ली इथून सिनेमे न्यायची. नंतर सीड्या आल्या, मग त्याही गेल्या. पण निवडक सिनेमे मी सोडले नाहीत. मधल्याने गेल्या वर्षी त्या सगळ्यांच्या स्वच्छ, नव्या प्रती मिळवून एका हार्डडिस्कवर भरून दिल्या.

ती हार्डडिस्क आज टीव्हीला लावली आणि विरस झाला. लहान फायली चालतात, मोठ्या गुदमरतात. आवाज पुढे पळतो, चित्र मागे राहतं. नायिकेचा हुंदका ऐकू येतो तेव्हा पडद्यावर ती अजून हसतच असते.

मधल्याला फोन केला. म्हणाला, "ताई, टीव्हीच्या पोटात तेवढी ताकद नसते. एक छोटा कॉम्प्युटर जोडून घे. पुस्तकाएवढा मिळतो."

म्हणजे आता निवड करायची. ते काम मला आवडतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सारखं वाचतेय. डोकं भणाणलंय, पण मजा येतेय. आता एवढं नक्की झालं. यंत्राला पंखा नको, कारण सिनेमात सगळं शांत झालं की नेमका तो घरघरतो. व्हिडिओ उलगडायची सोय चिपमध्येच हवी, नाहीतर सगळा भार एकट्या प्रोसेसरवर पडतो आणि तो धापा टाकायला लागतो. बाकी रंग, आकार, डबीवरचे दिवे हे सगळं बायाबापड्यांना भुलवायला.

धाकटी भाजी चिरता चिरता म्हणाली, "कोणताही घे ना, ताई."

'कोणताही घे' म्हणणाऱ्या लोकांमुळेच दुकानांत वाईट माल खपतो.

मग म्हणाली, तिला पोहायला शिकायचंय. तलावावर संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग असतो म्हणे. अठ्ठावन्नाव्या वर्षी! मी म्हटलं, सर्दी होईल, आणि संध्याकाळ म्हणजे आपली सिनेमाची वेळ. ती भाजी चिरत राहिली. पटलं असावं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पोस्टामागच्या बोळातलं दुकान. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास रोखायचा. मालक साठीचा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे याच्या खिशात पेचकस. मी त्याचं नावच पेचकस ठेवलं.

त्याने तीन यंत्रं दाखवली. एक बोटाएवढं, थेट टीव्हीत खुपसायचं. ते हातात धरलं तर नुसतं चालू असतानाच तापलं होतं. दुसऱ्याला पंखा. तिसरं काळ्या पत्र्याचं, अंगावर पन्हाळीसारख्या रेघा, पंखा नाही. मी त्याला चिपचा नंबर विचारला तेव्हा त्याने चष्मा वर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही अभ्यास करून आलात," म्हणाला.

"मी नेहमीच करून येते," मी म्हटलं.

धाकटीने विचारलं, "मग पंखा नाही तर ह्याची उष्णता जाते कुठे?" प्रश्न बाळबोध होता, पण पेचकसने झाकण उघडलं आणि कुठली पट्टी कुठल्या चिपवर बसते, ती तापली की पत्रा कसा तापतो आणि पत्र्यावरून वारा कसा सगळं घेऊन जातो, हे तिला सावकाश, बोट फिरवून दाखवलं. मी केव्हाची हो म्हणून बसले होते, तरी याचं तिलाच समजावणं चाललेलं. गिऱ्हाईक कोण हेच ज्याला कळत नाही तो दुकान काय चालवणार? बोलता बोलता बायको जाऊन बरीच वर्षं झाली असंही सांगून टाकलं. कॉम्प्युटरशी त्याचा काय संबंध, देव जाणे.

पण यंत्र चांगलं आहे. पत्र्याचंच घेतलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पेचकस स्वतः येऊन जोडून गेला. टीव्हीच्या मागे डबी चिकटवली, समोरून दिसतही नाही. आवाज तर मुळीच नाही. मोठ्यातली मोठी फाईल लावली. आवाज आणि चित्र हातात हात घालून चालले. रंग असे की कॅसेटवर जो कोट मी आयुष्यभर काळा समजत होते तो गडद निळा निघाला.

आणि मग ते दिसलं. एका दृश्यात कॅमेरा लांबलचक इमारतीवरून सावकाश फिरतो, खिडकीमागून खिडकी. तिथे चित्र सरकत नव्हतं, बारीक बारीक उड्या मारत होतं. कुणी मागून कोपराने ढोसावं तसं. मी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"दिसतंय," पेचकस म्हणाला. "बारीक आहे, पण आहे. नजर तेज आहे हं तुमची. साधीच गोष्ट असणार. उद्या येऊन..."

"तुम्ही कशाला खेपा घालता?" धाकटी म्हणाली. "मी आणते ना दुकानात."

बरं वाटलं. एरवी घरातला दिवा गेला तरी ही माझ्याकडे बघते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटी दुपारी डबी पिशवीत घालून गेली ती दिवेलागणीला परत आली. केबल बदलून आणली. जोडली. खिडक्या अजून उड्या मारतायत.

"पुन्हा जावं लागणार," ती म्हणाली. तिला त्याचं मुळीच वाईट वाटलेलं दिसलं नाही. मी चिडचिड केली असती. तिचा हा स्वभाव चांगला आहे.

२ मार्च, रविवार

आज मेमरी बदलली. फरक नाही. धाकटी आता 'डिकोडर', 'बँडविड्थ' असले शब्द बोलते. चला, माझ्या संगतीत राहून इतक्या वर्षांनी तिला या विषयात गोडी लागली! परवा ओले केस घेऊन आली. मी विचारलं तर म्हणाली, बोळात कुणाची तरी टाकी भरून वाहत होती, ती नेमकी खाली सापडली. मी म्हटलं, "तुझंच डोकं बरं सापडतं!" त्यावर ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. विनोद इतका काही खास नव्हता.

आठवड्यातून तीनदा जाते. दुकानात समोर उभं राहिल्याशिवाय ही माणसं हात चालवत नाहीत, हे मीच तिला शिकवलंय.

९ मार्च, रविवार

आजचं लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

सकाळी मी जाहीर केलं, "पुरे झालं. उद्या मी स्वतः जाऊन ते यंत्र त्याच्या टेबलावर ठेवते आणि दुसऱ्या दुकानातून दुसरं घेते. ज्याला एवढं सुधारता येत नाही त्याच्या दारात पुन्हा पाऊल नाही." धाकटीचा चेहरा उतरला. बिचारीने इतक्या खेपा घातल्या, तिला ते लागलं असेल.

संध्याकाळी ती पेचकसलाच घेऊन आली. त्याने काहीतरी खटपट केली आणि खिडक्यांचं दृश्य लावलं. मला उड्या दिसल्या. अगदी होत्या तशाच.

"आता ठीक आहे ना?" धाकटीने विचारलं.

"ठीक कुठलं? हे बघ, ही खिडकी, ही, ही..."

"मला तर छान दिसतंय, ताई. पाण्यासारखं."

मी पेचकसकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्हीच त्या दिवशी म्हणालात, दिसतंय."

तो जमिनीकडे बघत होता. केबलचं टोक हातात घेऊन पुसत बसला. "त्या दिवशी होतं," तो म्हणाला. "आता... आता नाहीये."

धाकटी माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "ताई, रागावू नकोस. डोळे दाखवून घेऊ या का एकदा?"

मी काय बोलणार? दोघांना दिसत नाही आणि मला दिसतं.

१३ मार्च, गुरुवार

लायब्ररी होती तेव्हा एखादी कॅसेट लावली की पहिल्या मिनिटात मी सांगायची, ही मूळ प्रत आहे की नकलेची नक्कल. शेजारच्या गावांतले लायब्ररीवाले माझ्याकडे कॅसेटी घेऊन यायचे, फक्त मी बघून सांगावं म्हणून. मला बाकी कुठली विद्या नाही. डोळे होते.

आता सारखी तपासते. समोरून जाणारी सायकल अडखळते का? धाकटी स्वयंपाकघरातून येते ती सरळ येते की उड्या मारत? सरळच येते. पण मग वाटतं, आज सरळ दिसतेय, उद्याचं कुणी सांगावं.

सिनेमा लावत नाही. संध्याकाळी डोळे मिटून बसते. धाकटी पेपर वाचून दाखवते, कपात चहा निववून देते. ती हल्ली माझी फार काळजी घेते. पेचकसने माझ्या डोळ्यांना सोसेल असं चित्र करून द्यायचं कबूल केलंय, म्हणून अधूनमधून यंत्र घेऊन तिकडे जाते. मी म्हटलं, "कशाला गं एवढी दगदग?" तर म्हणाली, "तुझ्यासाठी नाही करायची तर कुणासाठी?"



२० मार्च, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बसमध्ये धाकटीने पूर्ण वाट माझा हात धरून ठेवला होता. डॉक्टर बाई तरुण, पण नीट तपासणाऱ्या. थेंब टाकले, उजेड मारला, अक्षरं वाचायला लावली. तेवढ्यात धाकटीला फोन आला म्हणून ती बाहेर गेली.

बाई म्हणाल्या, "वयाच्या मानाने फार चांगले आहेत डोळे. मोतीबिंदूची नुसती चाहूल आहे. सध्या काही करायचं नाही."

"मग पडद्यावरचं चित्र थांबत थांबत सरकतं ते?"

त्या हसल्या. "आजी, डोळे धूसर दाखवतील, एकाचे दोन दाखवतील. थांबत थांबत नाही दाखवत. तुमचा टीव्ही बघून घ्या."

बाहेर येऊन मी हे धाकटीला सांगितलं. तिचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. मग म्हणाली, "डॉक्टरांना घाई असते, ताई. आपण दुसऱ्या कुणाला दाखवू." किती चिकाटी आहे हिच्याकडे! मी तर सुटले म्हणाले असते.

पण घरी आल्यावर वेगळीच भीती बसली. डोळे चांगले आहेत आणि तरी दिसतं. म्हणजे डोळ्यांच्या मागे काही असेल. आईला शेवटी शेवटी भिंतीवर माणसं दिसायची. मधल्याला यातलं काही सांगायचं नाही, असं मी धाकटीला बजावलंय. ती लगेच हो म्हणाली.

२७ मार्च, गुरुवार

माझे डोळे शाबूत आहेत! डोकंही!

झालं असं. धाकटी दुपारी माझ्या डोळ्यांसाठी थेंब आणायला गेली; डॉक्टरांनी दिले नव्हते, हिनेच ठरवलं. यंत्र आज घरीच होतं. मला वाटलं, वेड लागायचंच असेल तर निदान काय चाललंय ते समजून घेऊन लागू दे. रिमोट घेतला आणि सेटिंगच्या एकेका पानात शिरले. जिथे कळलं नाही तिथे फोनवर वाचत गेले. आणि एका ठिकाणी कुणीतरी अगदी माझंच दुखणं लिहिलेलं! कॅमेरा आडवा फिरला की चित्र उड्या मारतं. खाली दहाजणांनी लिहिलं होतं, आम्हालाही.

गोष्ट सोपी आहे. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा. टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र ताजं करतो. साठाला चोवीसने भागलं तर पूर्ण भाग जात नाही, म्हणून टीव्ही एक चित्र दोनदा दाखवतो, पुढचं तीनदा. माणसं बोलत बसलेली असली तर कळत नाही. कॅमेरा सावकाश फिरला की तोच फरक उड्यांसारखा दिसतो. आणि इलाज? सेटिंगच्या चौथ्या पानावर एक चौकोन आहे: 'पडद्याची गती सिनेमाच्या गतीशी जुळवा.' त्यात बरोबरची खूण करायची. बस.

खूण केली. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. खिडक्यांचं दृश्य लावलं.

खिडकीमागून खिडकी अशी गेली की जणू मीच रस्त्याच्या पलीकडून चालत जात होते. पाचसहा वेळा पाहिलं. शेवटी चष्मा काढून रडले, मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

एवढी साधी गोष्ट त्या पेचकसला कळू नये? आता धाकटीची वाट बघतेय. तिला दाराशीच सांगणार आहे. किती हलकं वाटेल तिला!

२८ मार्च, शुक्रवार

काल ती आली. मी तिला हात धरून टीव्हीसमोर बसवलं. "बघ," म्हटलं, "आता बघ." खिडक्या गेल्या. मी तिच्याकडे बघत होते. ती टीव्हीकडे बघतच नव्हती.

"एक खूण करायची होती फक्त. मीच शोधली," मी म्हटलं.

ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? ते येऊन गेले का?"

मला आधी कळलंच नाही. मग 'ते' हा शब्द खोलीत तसाच राहिला. आमच्या दोघींच्या तोंडी तो माणूस नेहमी 'तो' असायचा. तो पेचकस.

"ते म्हणजे कोण?" मी विचारलं.

तिने पिशवी खाली ठेवली. थेंबांची बाटली आतच राहिली. "ताई, मी सांगणारच होते. आम्ही लग्न करतोय. पुढच्या महिन्यात."

"लग्नाचं नंतर," मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "यंत्राचं आधी सांग. त्याला ती खूण माहीत होती?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. ते दुसऱ्या दिवशी येऊन करून देणार होते. मीच नको म्हटलं."

"का?"

"मला तिथे जायला काहीतरी कारण हवं होतं."

"आणि माझे डोळे?"

ती रडायला लागली. रडत रडतच बोलत होती. "तू यंत्र परत करायला निघाली होतीस. दुसऱ्या दुकानात जाणार म्हणालीस. मग मी कुठलं कारण काढून बाहेर पडले असते? अठ्ठावन्न वर्षांची झाले, ताई, तरी मला घरातून निघताना तुला कारण द्यावं लागतं. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

"बसमध्ये माझा हात धरून बसलीस तू."

"हो."

"पेपर वाचून दाखवत होतीस."

"हो."

"मी आईसारखी होणार म्हणून रात्रंदिवस घाबरले होते, ते दिसत होतं तुला."

मी टीव्ही बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली. तिने दार वाजवलं, मी उघडलं नाही.

मला लग्नाचं दुःख नाही. हे मी शांत डोक्याने लिहितेय. माणसाला म्हातारपणी लग्न करावंसं वाटलं तर करावं. तिने मला येऊन सांगितलं असतं, तर मी तिला दोन गोष्टी समजावल्या असत्या, आणि तिला माझं म्हणणं पटलंही असतं.

२ एप्रिल, बुधवार

मधल्याला माहीत होतं! लग्नाचं त्याला महिनाभर आधीच कळलं होतं. भावजयीला माहीत होतं. तिने साडीसुद्धा घेऊन ठेवलीय.

"डोळ्यांचं मला खरंच माहीत नव्हतं, ताई," तो फोनवर म्हणाला. "ते तिने फार वाईट केलं. मी बोललोय तिला."

"आणि लग्नाचं मला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती. तू मोडता घालशील म्हणाली. त्या बँकेतल्या माणसाच्या वेळेसारखा."

कोण बँकेतला, मला आठवायला वेळ लागला. पंचवीस वर्षं तरी झाली असतील. तो माणूस लायब्ररीत येऊन तासन् तास उभा राहायचा आणि एकही कॅसेट न्यायचा नाही. मी त्याला सांगितलं, सिनेमा न्यायचा नसेल तर गर्दी करू नका. त्यानंतर आला नाही. यात मोडता कसला?

फोन ठेवला. सगळे मला सांभाळून घेत होते म्हणे. तापलेल्या भांड्याला फडक्याने धरतात तसं.

६ एप्रिल, रविवार

पेचकस आला होता. धाकटी बाहेर गेलेली. मी दार उघडलं, पण बस म्हटलं नाही.

"चूक झाली," तो म्हणाला.

मी दाराची कडी धरून उभी राहिले.

"यंत्र परत घेतो. ह्याच्या वरचं एक आलंय, ते लावून देतो. माझ्याकडून."

"यंत्र उत्तम आहे," मी म्हटलं. "ते मी निवडलंय."

तो पायरीवर अवघडून उभा होता. खिशात आज पेचकस नव्हता. खिसा रिकामा बघून मला उगीच राग आला, जणू तो माझ्याकडे यायचं म्हणून नटून आला होता. "मी त्यांना दोनदा म्हणालो, सांगून टाकू. त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, दिसतं का म्हणून..."

"तेव्हा तुम्ही माझ्यासमोर धडधडीत खोटं बोललात."

"हो," तो म्हणाला. "तुमच्याकडे बघवलं नाही मला."

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुम्हीच जायला हवं होतं."

त्याने मान हलवली आणि पायऱ्या उतरून गेला. बोलायला मी चांगलं बोलले. पण दार लावल्यावर लक्षात आलं, की हे जाऊन आता कुणाला सांगायचं? असं काही झालं की मी धाकटीला सांगते. त्याने काय म्हटलं, मी काय ठणकावलं, सगळं हावभावांसकट. ती हसते. इतकी वर्षं ती हसली ते तरी खरं होतं का, हेही आता विचारायला हवं.

१५ एप्रिल, मंगळवार

एका घरात राहतो. ती दोघींचा स्वयंपाक करते, मी माझं ताट आत नेते. काल ती म्हणाली, मधला येतोय, नोंदणी शनिवारी आहे. "येशील ना?"

मी म्हटलं, "मला नीट दिसत नाही. गर्दीत पडेन."

तिच्या चेहऱ्यावर ते बरोबर जाऊन बसलं. मला समाधान वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

नोंदणीला गेले नाही. मधल्याने सकाळी पुष्कळ विनवलं. कपडे बदलून मी तयारही झाले होते, पण खुर्चीतून उठवेना. तो थांबला, घड्याळ बघितलं आणि गेला.

दुपारी धाकटी राहिलेली बॅग न्यायला आली. एकटीच वर आली. भावजयीने घेतलेली साडी नेसली होती, फिकट पिवळी. तिला शोभत होती. मी तसं म्हटलं नाही.

तिने आतून बॅग आणली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, काहीतरी बोल. शिव्या दे."

मला शिव्या सुचल्या नाहीत. जे इतके दिवस आत सलत होतं तेच बोलले. "माझे डोळे गेले म्हणून तू मला सांगितलंस. आणि मी ते मानलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते, तरी तुझं मानलं."

"हो ना," ती म्हणाली. आज ती रडत नव्हती. "तेच तर मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, तू हसशील. 'तुला काय कळतंय' म्हणशील, नेहमी म्हणतेस तसं. आणि मग भांडण होईल, आणि भांडणात मी खरं काय ते सांगून टाकीन. तू तर एकदम गप्प झालीस. अख्ख्या आयुष्यात माझं म्हणणं तू एकदाच खरं मानलंस, ताई. आणि नेमकं तेच खोटं होतं."

ती उत्तराची वाट बघत थांबली. मी म्हटलं, "बॅगेची चेन नीट लाव. वाटेत उघडेल."

तिने वाकून चेन लावली. दाराशी चपला घातल्या. "रविवारी येऊ का?" तिने विचारलं. मी "बघू" म्हटलं. ती गेली.

ती असं का म्हणाली, मला समजलेलं नाही. मी तिचं नेहमीच ऐकत आलेय. माझ्याइतकं तिचं कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

ती उतरल्यावर खिडकीशी गेले. तो खाली उभा होता. त्याने बॅग घेतली, तिने त्याच्या हातातली छत्री घेतली आणि दोघं उन्हातून कोपऱ्याकडे चालायला लागली. अगदी वळताना तिने वर आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि हात केला असं मला वाटलं. की तिने नुसतीच छत्री या हातातून त्या हातात घेतली. डोळे ताणून पाहिलं, तेवढ्यात ती वळून गेली होती. नक्की काय होतं ते विचारायला घरात कुणी नव्हतं.